पायावरचा चेंडू

विरूपाक्ष महादेवप्पा शेटे हे नाव तुम्ही ऐकलं असण्याचं काही कारण नाही. चाकूरच्या बाजारात त्याचं किराणा दुकान आहे, तो कमी बोलतो, आणि तूरडाळीत खडे निघाले तर न भांडता बदलून देतो. एवढीच त्याची ख्याती. पण लातुरात साठी ओलांडलेले चार-दोन लोक अजून भेटतील, जे चहाचा कप खाली ठेवून सांगतात की ऑफच्या बाजूचा चेंडू इतका उशिरा, अगदी यष्टीरक्षकाच्या हातात जाता जाता कापणारा माणूस या भागात दुसरा झाला नाही. ते खरं आहे. पायावर चेंडू आला की तो काय करायचा, हे मात्र त्यांच्या लक्षात नसतं. माझ्या आहे. विसरता येत नाही म्हणून तर लिहायला बसलो.

मी हणमंत. माझे वडील दत्तोपंत शाळामास्तर होते आणि मुदखेडहून बदली होऊन चाकूरला आले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. चाकूर तेव्हा नुसतं गाव होतं, तालुक्याची पाटी फार नंतर लागली, आणि जिल्हा उस्मानाबाद. शेट्यांच्या घरात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. विरू माझ्याच वयाचा. त्याची थोरली बहीण शिवकांता, तिला सगळे अक्का म्हणत, ती आमच्याहून पाच वर्षांनी मोठी. मला सख्खी बहीण नव्हती. पहिल्याच वर्षी तिने मला राखी बांधली आणि त्या दिवसापासून माझ्या पाठीत धपाटा घालायचा हक्कही घेतला.

दोन्ही बिऱ्हाडांना मिळून परस एकच, लांबट आणि अरुंद. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तीन रेघा ओढल्या की स्टंप झाले. समोर पंधरा पावलांवर कडुलिंब, तिथून चेंडू टाकायचा. चेंडू म्हणजे चिंध्यांचा गोळा, त्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. बॅट धरून उभं राहिलं की तोंडासमोर, म्हणजे ऑफच्या अंगाला, दुकानाच्या गोदामाची भिंत. तिला चेंडू लागला की दोन धावा. पाठीमागे, पायाकडच्या अंगाला, पाण्याचा ओटा, आणि त्यावर ओळीने मातीच्या घागरी. ओट्याकडे चेंडू गेला की बाद, शिवाय दोन दिवस खेळ बंद. हा कायदा विरूच्या आईने, अव्वाने, केला होता आणि त्यावर अपील नव्हतं.

भिंत फार जवळ होती. जोरात मारलं तर चेंडू उलटा येऊन नडगी फोडायचा. म्हणून विरू चेंडू मारायचाच नाही, नुसता वळवायचा. हात सैल सोडून, शेवटच्या क्षणी मनगट फिरवून, भिंतीच्या पायथ्याशी नेऊन ठेवायचा. पुढे कॉलेजात जाणकार लोक विचारायचे, हे मनगट कुठं कमावलंस. गोदामाच्या भिंतीपाशी म्हणून सांगितलं तर टिंगल होईल, म्हणून तो नुसता हसायचा.

चेंडू टाकायची अक्का. परकर खोचून, दोन पावलं धावून, डोक्यावरून हात फिरवून ती असा टाकायची की मला तो दिसायचाही नाही. गंमत अशी की तिचा प्रत्येक चेंडू ऑफच्या बाहेर. पायावर एकही नाही. का टाकेल? घागरी फुटल्या तर भरायच्या तिलाच होत्या. म्हणजे विरूचा खेळ अर्धा भिंतीने घडवला आणि अर्धा अक्काच्या हिशेबीपणाने. मला दोघं ओट्यापुढे उभं करायची, घागरी राखायला. अंगावर येईल तो चेंडू झेलायचा, मग पोटात बसो की तोंडावर. त्यातून मला बॅट काही धरता आली नाही, पण जवळचा झेल मात्र कधी सुटला नाही.

मग दुष्काळ आला. सगळे त्याला बहात्तरचा म्हणतात, पण खरी होरपळ झाली ती पुढच्या उन्हाळ्यात. गावातले आड आटले. बायका पहाटे उठून दीड कोसावरच्या बारवेवर जायच्या आणि तिच्या तळाशी साचलेलं पाणी वाटीने भरून आणायच्या. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. शाळा अर्धी ओस पडली होती आणि आम्हा पोरांना मात्र खेळायला मोकळं रान मिळालं होतं. पोरांच्या जातीला लाज कमीच असते.

त्या दिवशी अक्का मिलो निवडत बसली होती. मी हट्ट धरला, आज चेंडू मी टाकणार. सदा आपलं घागरीपुढे उभं राहायचं, याचा मला वैताग आला होता. विरू नको म्हणाला. मी त्याला भित्रा म्हणालो. मग तो उभा राहिला.

माझा चौथा की पाचवा चेंडू सरळ त्याच्या पायावर पडला. विरूने डावा पाय उघडला, कंबर वळवली आणि बॅट पूर्ण फिरवली. इतका सुंदर फटका त्यानंतर मी मोठ्या मैदानांवरही फार थोडे पाहिले. म्हणजे त्याला तो येत होता. ओट्यावरच्या दोन घागरी फुटल्या. तहानलेल्या जमिनीने पाणी असं गिळलं की अक्का उठून येईपर्यंत नुसता ओला डाग राहिला होता.

महादेवप्पा, म्हणजे विरूचे अप्पा, अहमदपूरच्या बाजाराला गेले होते आणि दुपारी यायचे होते. लिंगायताचं घर. अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय अप्पांच्या तोंडात पाण्याचा थेंबही जात नसे. फुटलेल्या घागरींत त्यांच्या अंघोळ-पूजेचं पाणी होतं, उरलं होतं ते स्वयंपाकापुरतं. अव्वा आतून ओरडली, काय फुटलं? अक्काने खापरं उचलत सांगितलं की आपल्याच हातून सुटल्या. मग डोक्यावर चुंबळ आणि घागर घेऊन ती भर उन्हात निघाली. जाताना विरूला एवढंच म्हणाली, अप्पांना बोलू नको.

बारवेच्या तळाच्या पायऱ्या त्या साली पहिल्यांदाच उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर गाळ होता. पहाटे बायका एकमेकींचा हात धरून उतरायच्या. दुपारी कोण असणार? अक्का घसरली ती थेट खाली. गुराख्यांना तिचा आवाज गेला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. हाडवैद्याने कामट्या बांधल्या, पाला बांधला, सहा महिने ती खाटेवर पडून राहिली. हाड जुळलं, पण वाकडं. उजवा पाय दोन बोटं आखूड झाला.

तिची सोयरीक देवणीच्या एका घरी जमत आली होती. त्या मंडळींचा निरोप आला, आम्ही बघितली तेव्हा मुलगी चालत होती. असली वाक्यं माणसाला सुचतात तरी कशी, देव जाणे. पुढे दोन ठिकाणं आली, तीही परतली. मग लोकांनी ठिकाणं आणणंच बंद केलं.

विरूने त्याच संध्याकाळी अप्पांना सगळं सांगितलं होतं. अप्पांनी हात उचलला नाही. त्या दिवशी पूजाही झाली नाही आणि ते जेवलेही नाहीत. चेंडू मी टाकला होता आणि हट्टही माझाच होता, हे विरूने सांगितलं नाही. मीही नाही.

दिवाळीच्या सुमारास अक्का काठी टेकत परसात आली, कडुलिंबाखाली बाजेवर बसली आणि म्हणाली, आण चेंडू. बसून टाकायला लागली. हात तसाच सुरेख, पण बसून टाकल्यामुळे एखादा सुटायचा, आणि तसा एक पायावर गेला. विरूने बॅट सरळ खाली ठेवली. चेंडू मेल्यासारखा त्याच्या पायाशी पडला. त्याने तो उचलून अक्काला नेऊन दिला. अक्काने त्याच्याकडे पाहिलं, मग चेंडूकडे, आणि पुढचा ऑफच्या बाहेर टाकला. त्या घरात या विषयावर जे बोलणं झालं ते एवढंच.

पुढे पाऊस झाला. नळ आला, ओटा पाडून तिथे न्हाणी बांधली. घागरी गेल्या, पण विरूचा डावा पाय काही उघडला नाही. लातूरला कॉलेजात आम्ही दोघं मॅटवर, कॉर्कच्या चेंडूने खेळायला लागलो. ऑफला तो इतक्या धावा काढायचा की पायाकडे तो काहीच मारत नाही, हे कोणाच्या ध्यानातच येत नसे. पायावरचा चेंडू तो थांबवायचा आणि पुढच्याची वाट पाहायचा. लोक म्हणायचे, केवढा संयम. मीही मान डोलवायचो.

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. पेढे, कमानी, भाषणं, सगळं यथासांग पार पडलं. आमच्यासाठी त्याचा अर्थ एकच होता, आता जिल्ह्याचा स्वतःचा क्रिकेट संघ होणार. आजवर उस्मानाबादेत आमच्याकडच्या पोरांना कोणी विचारलं नव्हतं. अप्पा थकले होते. त्यांनी विरूला सांगितलं की संघात नाव लागलं तर खुशाल खेळ, मी आणखी दोन वर्षं दुकान रेटतो. नाही लागलं तर मात्र गल्ल्यावर बस. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. विरूला या जगात एवढी एकच गोष्ट हवी होती, आणि अक्काला तर त्याच्याहून जास्त.

जानेवारीत निवडीचा सामना ठरला. दोन संघ पाडले, विरू एकीकडे, मी दुसरीकडे. दहा नावं जवळजवळ ठरल्यातच जमा होती. अकराव्या जागेसाठी पाच-सहा जण होतो, त्यात विरू एक आणि मी एक. खरं म्हणजे आमची बरोबरीच नव्हती. हत्तीपुढे शेळी बांधावी तसा प्रकार. पण शेळीलाही वाटतं.

अक्का पहिल्या एसटीने आली होती. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोघांपुरती. मला निम्मी सकाळीच खाऊ घातली. मग मैदानाच्या कडेला लिंबाखाली पाय लांब करून बसली. ती बाजू योगायोगाने पायाकडची, विरूच्या पाठीमागची होती. मी शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाला अगदी चिकटून, त्याच बाजूला उभा.

उदगीरचा संगप्पा आमचा जलद गोलंदाज. विरूने त्याला पहिल्याच षटकात तीन वेळा कापला, तिन्ही चौकार. निवड करणारे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. एकाने कागदावर काहीतरी लिहिलं. ते मी पाहिलं. षटक संपल्यावर संगप्पा कंबरेवर हात ठेवून माझ्याजवळ आला आणि वैतागून म्हणाला, "तुमच्या गावचा हाय ना ह्यो? कुठं टाकू सांग की."

मी म्हणू शकलो असतो की मला काय माहीत. माझा कर्णधारही तिथे नव्हता, कोणी बळजबरी केली नव्हती. मी खाली बघत म्हणालो, "पायावर टाक. तिकडं त्याला मारता येत न्हाई."

नंतर संगप्पाने एकही चेंडू ऑफला टाकला नाही. सगळे पायावर, आणि सगळे असे की शाळकरी पोरानेही सीमेपार भिरकावावेत. विरू प्रत्येक चेंडू थांबवत राहिला. सहा झाले, आठ झाले, दहा झाले. लोक आधी गप्प होते, मग शिट्ट्या वाजवायला लागले. खुर्चीतल्या एकाने मोठ्याने विचारलं, झोप लागली की काय याला? विरूचा घाम हनुवटीवरून गळत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. बांधलेलीच होती.

तेवढ्यात अक्का उठली. झाडाला धरून उभी राहिली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "विरू, हिकडं मार रं. हिकडं काय बी न्हाई आता."

लोक हसले. बाईमाणूस मध्येच उठून शिकवायला लागलं, याची त्यांना गंमत वाटली. त्या वाक्याचा अर्थ त्या मैदानावर तिघांनाच कळला. दहा वर्षं ती त्याचा तो मेलेला फटका बघत आली होती आणि ते ओझं आज ती त्याच्यावरून उतरवू पाहत होती.

पुढचा चेंडू पायावर आला. विरूने डावा पाय उघडला. खरंच उघडला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कंबर वळली, बॅट उठली, आणि अर्ध्यात थांबली. चेंडू बॅटच्या कडेला लागून हलकासा उडाला, माझ्या डावीकडे. मी झेपावलो. विचार करायला वेळच नव्हता असं मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे. झेल फार चांगला होता. खुर्चीतली माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली.

संध्याकाळी यादी लागली. अकरावं नाव माझं होतं. विरूने येऊन माझा हात हातात घेतला, अभिनंदन म्हणाला, आणि त्याच्याकडे होते तेवढे एक जोड पांढरे बूट मला देऊन टाकले, मला दुकानात काय करायचेत म्हणून. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसली होती. विरू पुढे दाराशी उभा राहिला. लातूर मागे पडलं तशी ती माझ्याकडे सरकली. मग हळूच मला म्हणाली, "माझ्यामुळं गेलं त्याचं, हणमंता. मी मदीच वरडले आन् तो बिचकला. मी गप बसले असते तर खेळला असता."

मला तोंड होतं. जिल्हाभरातून निवडलेला मी खेळाडू, दीड तासाचा प्रवास, शेजारी बसलेली बहीण, आणि सांगायची एक ओळ. मी म्हणालो, तसं काही नाही अक्का, नशीब असतं एकेकाचं. नशिबावर ढकलायला पैसे पडत नाहीत.

जिल्ह्याकडून मी दोन सामने खेळलो आणि दोन्ही मिळून अकरा धावा केल्या. पुढे नोकरी लागली, लातुरातच घर झालं. विरू गल्ल्यावर बसला तो बसलाच. बॅट त्याने पुन्हा हातात धरली नाही. त्याच जूनमध्ये देशाने विश्वचषक जिंकला. चाकुरात ढोल वाजले. अव्वाने मला नंतर सांगितलं की अक्का त्या रात्री उठून आत गेली आणि कानावर पदर घेऊन पडून राहिली. तेव्हापासून घरात क्रिकेटचा शब्द निघाला की ती उठायची. मी दरवर्षी राखीला जायचो. ती माझ्या आवडीची शेंगाची पोळी करायची, राखी बांधायची, आणि मी निघालो की दारापर्यंत लंगडत येऊन म्हणायची, विरूला बोलत जा रे, माझ्यावरचा राग धरून बसलाय तो मनात. विरू राग धरणाऱ्यांतला नाही, हे मी तिला प्रत्येक वर्षी सांगितलं. ज्याने ते तिला पटलं असतं तेवढं मात्र सांगितलं नाही.

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या वर्षी, उन्हाळ्यात, अक्का गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे तिला बसवून मातीत ठेवली. तिसऱ्या दिवशी मी आणि विरू तिथे जाऊन आलो, बेल-फुलं वाहिली, आणि परतताना एका बांधावर टेकलो. सोबत कोणी नव्हतं. मी साठीला आलो होतो. आता सांगितलं नाही तर कधीच होणार नाही असं वाटलं, आणि मी सांगून टाकलं. संगप्पा काय म्हणाला, मी काय म्हणालो, बुटाची नाडी, सगळं. सांगताना रडलोही. मनात कुठेतरी होतं की आता विरू मला दोन शब्द सुनावेल, किंवा जवळ घेईल, आणि माझी सुटका होईल.

विरू ऐकत होता. मग म्हणाला, "मला म्हाईत हाय. तू संग्याच्या कानाला लागलास तवाच कळलं हुतं."

मी विचारलं, मग अक्काला का नाही सांगितलंस? तेवढं एक सांगितलं असतंस तर ती सुटली असती.

"सांगायला गेलो हुतो एकदा," तो म्हणाला. "तर ती तुझ्यासाठी शेंगा भाजत बसली हुती. सकाळी तू येणार म्हणून. म्हणलं, एक भाऊ खेळातनं गेला, दुसरा मनातनं जाईल तिच्या. न्हाई सांगितलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझं काय, दुकान हुतंच. पर ती रोज पूजेला बसली की लिंग हातात घिऊन माझी माफी मागायची, हणम्या. तेहतीस वर्सं. मला सांगून आता काय उपेग? तिला सांगायचं हुतंस."

तिला सांगायला मला तेहतीस वर्षं मिळाली होती, आणि लातूरहून चाकूर एसटीने तासा-दीड तासाचा रस्ता आहे.